रिकाम्या ओळीची तक्रार: इश्यूपासून रिलीजपर्यंत

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) वाचणाऱ्या एका ओपन सोर्स लायब्ररीची (आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणाऱ्या, सगळ्यांना खुल्या तयार कोडची) आवृत्ती वाढवली आणि आयात केलेल्या डेटात मधूनच रिकाम्या ओळी यायला लागल्या. 40 एमबीच्या फाइलमागे पाच-सहा. लहान फाइलमध्ये एकही नाही.

तक्रार लिहायच्या आधी लायब्ररीचा परवाना उघडला. एमआयटी. शेवटचा परिच्छेद सगळा कॅपिटल अक्षरांत आहे: सॉफ्टवेअर जसं आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही, नुकसानीला लेखक जबाबदार नाही. दुसऱ्या परवान्यांतही तेच: जीपीएल 3 मध्ये हे कलम 15 आणि 16 मध्ये येतं, अपाचे 2.0 मध्ये 7 आणि 8 मध्ये. पैसे मोजून सपोर्टचा करार केला असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही केलेला नव्हता. म्हणजे ‘तुमच्यामुळे आमचं काम अडलंय’ हे वाक्य बादच.

मग मेंटेनरने, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याने, स्वतःहून काय कबूल केलंय ते पाहिलं. रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) दोन गोष्टी सापडल्या: शेवटच्या दोन मेजर आवृत्त्यांत बगफिक्स मिळतील, आणि आवृत्ती क्रमांक सिमँटिक व्हर्जनिंगप्रमाणे असतील, म्हणजे जुनं वागणं मोडणारा बदल फक्त मेजर आवृत्तीत येईल. आमचा बदल मायनर आवृत्तीचा होता आणि त्यात जुनं वागणं मोडलं होतं. तक्रारीला पाय एवढाच, पण पक्का.

जुने इश्यू (प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारी) शोधताना बंद झालेलेही चाळावेत. हाच बग आधी कुणीतरी टाकला होता. 60 दिवस हालचाल नाही म्हणून बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ‘स्टेल’चं, म्हणजे शिळा झाल्याचं, लेबल लावलं आणि आणखी 7 दिवसांनी बंद केला. बॉटचा मला राग येतो, पण त्या इश्यूत होतं काय? ‘रिकाम्या ओळी येतात, अर्जंट’ आणि खाली ‘मलाही’ म्हणणारे सहा जण. फाइल एकानेही जोडलेली नाही. त्यावर मेंटेनर तरी काय करणार?

आमची फाइलही जोडता येणार नव्हती, ग्राहकांचा डेटा होता. म्हणून ती लहान करायला घेतली. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. सुरुवातीच्या ओळी कापल्या की बग भलत्याच ओळीवर जायचा किंवा गायबच व्हायचा. शेवटाकडून कापल्या की पहिली रिकामी ओळ जागची हलत नव्हती. म्हणजे बग ओळीतल्या मजकुराशी बांधलेला नव्हता, फाइलच्या सुरुवातीपासूनच्या अंतराशी होता. शेवटाकडून बाइटबाइटने कापत गेलो तेव्हा 3,27,681 बाइटला बग होता, एक बाइट कमी केला की नाही. 65,536 गुणिले 5, अधिक 1. लायब्ररी 64 केबीचे तुकडे करून वाचते. आमच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याच्या अदृश्य खुणा) असे दोन बाइट असतात. सीआर एका तुकड्याच्या टोकाला आणि एलएफ पुढच्याच्या सुरुवातीला पडला की वाचणारा कोड त्यांना दोन वेगळे ओळ-शेवट समजतो.

हे कळल्यावर खऱ्या डेटाची गरजच संपली. एकच अक्षर 65,535 वेळा, मग सीआर, मग एलएफ. एकूण 65,537 बाइट, अपेक्षित ओळ 1, मिळतात 2. स्क्रिप्ट चार ओळींची.

मग गिट बायसेक्ट: कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटची, दोषी बदल अर्धे-अर्धे करत शोधायची सोय. चांगला टॅग (बग नसलेली आवृत्ती) आणि वाईट टॅग (बग असलेली) यांच्यात 412 कमिट (नोंदवलेले बदल) होते, म्हणजे साधारण 9 फेऱ्या. ‘बायसेक्ट रन’ला स्क्रिप्ट दिली: बरोबर असेल तर 0, चूक असेल तर 1, आणि बिल्डच होत नसेल तर 125, म्हणजे तो कमिट वगळला जातो. हे 125 विसरलात तर मोडका बिल्ड ‘वाईट’ धरला जातो आणि दोष भलत्याच कमिटवर येतो. आमचा दोषी कमिट वाचनाचा वेग वाढवणारा निघाला. ‘मागचा तुकडा सीआरवर संपला’ हे लक्षात ठेवणारा फ्लॅग त्यात उडाला होता.

इश्यूच्या शीर्षकात लक्षण, अट आणि कोणत्या आवृत्तीपासून, एवढंच. मजकुरात स्क्रिप्ट, अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर, ऑपरेटिंग सिस्टम, दोषी कमिट. आमची डेडलाइन आणि ‘अर्जंट’ दोन्ही गाळलं. (बग सुरक्षेचा असता तर उघड्यावर टाकला नसता, सिक्युरिटी फाइलमधल्या खाजगी पत्त्यावर पाठवला असता. युरोपीय संघात उत्पादन विकणाऱ्यांवर तर सायबर रेझिलियन्स कायद्याने हे बंधन म्हणूनच येतंय: वापरलेल्या ओपन सोर्स घटकात असुरक्षितता सापडली तर मेंटेनरला कळवा, दुरुस्ती केली असेल तर तीही द्या. त्या कायद्याच्या मुख्य तरतुदी 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतात.)

तीन आठवडे उत्तर नाही. तोवर लॉक फाइलमध्ये (नेमक्या कोणत्या आवृत्त्या वापरायच्या त्याच्या यादीत) जुनी आवृत्ती पिन केली होती, त्यामुळे काम अडलं नाही. ‘काही अपडेट?’ असं विचारलं नाही. 2022 मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाच्या एकट्या मेंटेनरमागे काही खाती अशीच लागली होती: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी हक्क द्या. ती खाती बनावट असावीत असा दाट संशय आहे. ज्याला हक्क मिळाले त्याच्याच हातून 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) आला, आणि मार्च 2024 मध्ये तो उघड झाला. तगाद्यातला कोण खरा, कोण खोटा, हे मेंटेनरला समोरून दिसत नाही.

त्यापेक्षा पुल रिक्वेस्ट (आम्ही केलेली दुरुस्ती सामील करा अशी विनंती) टाकली. पहिल्या खेपेला एडिटरने सगळी फाइल नव्याने फॉरमॅट केली होती. सहा ओळींच्या दुरुस्तीचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) 180 ओळींचा झाला. ती बंद करून नुसत्या सहा ओळी पाठवल्या. चाचणीत तयार फाइल ठेवली नाही, बाइट कोडमध्येच बनवले, कारण चेकआउट करताना (कोड उतरवून घेताना) गिट सीआरएलएफ बदलू शकतं आणि मग चाचणी काहीच न तपासता पास होते.

मेंटेनरने दोन गोष्टी मागितल्या: वेगाचं मोजमाप, आणि नुसता सीआर हाच ओळ-शेवट असलेल्या जुन्या फाइलची चाचणी. दुसरी रास्तच होती. ती लिहिताना कळलं की नवी फाइल उघडताना आमचा फ्लॅग शून्यावर येतच नव्हता.

मर्ज झालं (दुरुस्ती मूळ कोडमध्ये गेली) म्हणजे रिलीज झालं असं नाही. पिन काढली ती चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) दुरुस्ती असलेली आवृत्ती रजिस्ट्रीवर (जिथून लायब्ररी उतरवून घेतात तिथे) आल्यावरच. 65,537 बाइटची चाचणी मात्र आमच्या रेपोतही (आमच्या कोडच्या साठ्यात) राहू दिली.