तुम्ही विचारलंत म्हणून: एकदाच लिहिलेल्या प्लगइनचे दरवर्षी पैसे कशाला?

माझं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, मी वर्षाच्या लायसन्सवर विकतो. रिन्यूअलची मेल गेली की हमखास उत्तर येतं, "प्लगइन तुम्ही एकदाच लिहिलंत, आम्ही एकदा विकत घेतलं. मग दरवर्षी पुन्हा पैसे कशाचे?" कुणी चिडून विचारतं, कुणाला खरंच कळत नसतं. ज्यांना थोडी जास्त माहिती असते ते पुढे जोडतात, "वर्डप्रेसचे प्लगइन जीपीएल लायसन्सखाली असतात ना? कोड कुणीही कुणालाही देऊ शकतो. मग तुम्ही विकता तरी काय?"

माझं प्लगइन म्हणजे वर्डप्रेससाठीचा वेळ ठरवायचा फॉर्म. डॉक्टर, शिकवणी घेणारे, सल्लागार अशी मंडळी तो आपल्या साइटवर लावतात. समोरचा माणूस तारीख निवडतो, मोकळी वेळ बघतो, नाव आणि फोन नंबर देतो. साधं काम आहे. पहिलं व्हर्जन लिहायला मला अडीच महिने लागले होते, आणि त्या अडीच महिन्यांचे पैसे मी तुमच्याकडून दरवर्षी घेत असतो तर तुमचा राग अगदी रास्त ठरला असता.

११ ऑगस्ट २०२० ला वर्डप्रेस ५.५ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सपोर्टच्या इनबॉक्समध्ये एकाच अर्थाची अकरा तिकिटं, म्हणजे तक्रारी, होती: महिना बदलायचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. ब्राउझरचा कन्सोल, जिथे एरर दिसतात, तो उघडला. लाल अक्षरांत लिहिलं होतं की 'लाइव्ह' नावाचं फंक्शनच नाही. ती ओळ माझीच होती, सहा वर्षांपूर्वीची. जेक्वेरी या बटणं वगैरे चालवायच्या तयार कोडने ते फंक्शन १.९ या व्हर्जनमध्ये, म्हणजे २०१३ सालीच, काढून टाकलं होतं. पण जुना कोड मोडू नये म्हणून वर्डप्रेस 'जेक्वेरी मायग्रेट' नावाची फाइल सोबत लोड करत असे, तिच्या आधाराने माझी ओळ इतकी वर्षं चालत राहिली. ५.५ मध्ये तो आधार काढला गेला. दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती ओळ बदलल्यावर पाच जुन्या-नव्या वर्डप्रेस व्हर्जनवर आणि लोक सर्रास वापरतात त्या थीमवर फॉर्म भरून बघण्यात दिवस गेला. माझ्या एका साइटवर चाललं म्हणून सगळ्यांना पाठवून दिलं, असं करता येत नाही.

हे निदान ओरडून सांगणारं बिघडणं होतं. वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीचं ८ वं व्हर्जन आलं, तेव्हाचं तसं नव्हतं.

फॉर्ममध्ये 'कोणाकडे यायचं आहे' अशी यादी असते आणि तिच्यातला पहिला पर्याय 'कोणीही चालेल' हा. कोडमध्ये तो पर्याय मी एका इंग्रजी शब्दाच्या रूपात ठेवला होता, आणि तपासताना मात्र तो शून्याशी बरोबर आहे का असं विचारलं होतं. चूकच होती. पण पीएचपी ७ पर्यंत कुठलाही आकडा नसलेला शब्द शून्याशी ताडला तर उत्तर 'हो' येई, त्यामुळे चूक झाकली गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८ आलं आणि हा नियम बदलला: आता शब्द म्हणजे शून्य नाही. होस्टिंगवाल्याने एका दवाखान्याची साइट नव्या पीएचपीवर हलवली. कुठेही एरर नाही, चुका नोंदवणारा लॉग कोरा. फॉर्म छान दिसत होता आणि प्रत्येक येणाऱ्याला शांतपणे सांगत होता, "या दिवशी वेळ उपलब्ध नाही." दहा दिवसांनी त्या डॉक्टरबाईंनी मला लिहिलं, "आमच्याकडे हल्ली कुणीच वेळ घेत नाही, काही झालंय का बघाल?" दहा दिवस माणसं येऊन परत गेली होती. ती मेल मी अजून जपून ठेवली आहे. त्यानंतर माझ्याकडे नियम झाला: पीएचपीचं नवं व्हर्जन चाचणीसाठी उपलब्ध झालं की अधिकृत तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात अख्खा फॉर्म त्याच्यावर चालवायचा.

कोड मी होता तसाच ठेवला, तरी त्याच्याखालची जमीन हलत असते. वर्डप्रेस बदलतं, पीएचपी बदलतं, ब्राउझर बदलतात, शेजारचे प्लगइनही बदलतात. कॅशिंगचंच बघा. पान वेगाने उघडावं म्हणून तुम्ही कॅशिंगचं प्लगइन लावता, ते तयार पान साठवून तेच सगळ्यांना दाखवतं. माझ्या फॉर्ममध्ये सुरक्षेसाठी एक 'नॉन्स', म्हणजे थोड्या वेळापुरता चालणारा सांकेतिक शब्द, असतो, वर्डप्रेसमध्ये तो फार तर २४ तास चालतो. कॅशने तीन दिवसांपूर्वीचं पान जपून ठेवलेलं असेल, तर त्यातला नॉन्स मेलेला असतो आणि फॉर्म पाठवताना नाकारला जातो. चूक कॅशवाल्याची नाही, म्हटलं तर माझीही नाही. पण तिकीट माझ्याकडे येतं, आणि ते सोडवणं हे माझंच काम आहे असं मी मानतो.

सुरक्षेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण रिन्यूअलचा खरा अर्थ मला तिथे कळला. एका संध्याकाळी एका अनोळखी संशोधकाची मेल आली. बुकिंगची यादी डाउनलोड करायची सोय मी फक्त ॲडमिनसाठी ठेवली होती, आणि त्यासाठी वर्डप्रेसचं 'इज ॲडमिन' हे फंक्शन वापरलं होतं. नाव वाचून वाटतं की हे माणूस ॲडमिन आहे का ते तपासतं. ते तसं करत नाही. मागणी ॲडमिनच्या पानासाठी आहे का एवढंच ते सांगतं, आणि एजॅक्सच्या, म्हणजे पान न बदलता मागून जाणाऱ्या, मागण्या नेहमी त्याच दारातून येतात. म्हणजे साइटवर साधं खातं असलेला कुणीही सगळ्यांची नावं आणि फोन नंबर उतरवून घेऊ शकत होता. अधिकार तपासायचं फंक्शन वेगळं आहे, हे मला तोवर माहीत असायलाच हवं होतं.

त्या रात्री दुरुस्ती केली, पहाटे नवं व्हर्जन सोडलं. त्यानंतरचे दिवस जास्त कठीण असतात, कारण दुरुस्ती बाहेर पडली की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते कुणालाही शोधता येतं. ज्यांनी अपडेट केलं नाही ते त्या क्षणापासून आधीपेक्षा जास्त उघडे पडतात. म्हणून मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, निदान माझ्या प्लगइनचं ऑटो-अपडेट चालू ठेवा. सुरक्षेची दुरुस्ती मी सगळ्यांना देतो, लायसन्स संपलेल्यांनाही. ती रोखून पैसे मागणं मला पटत नाही.

तर जीपीएलवाल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कोड तुम्ही कुणालाही देऊ शकता, तो हक्क खरा आहे आणि माझी रोजीरोटीही त्याच हक्कावर उभी आहे, वर्डप्रेस स्वतः २००३ मध्ये बी-टू नावाच्या दुसऱ्या मोकळ्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालं. पैसे भरल्यावर मिळणारी लायसन्सची किल्ली तुम्हाला देते ती नवी व्हर्जनं आणि तिकिटाला उत्तर देणारा माणूस. किल्लीची मुदत संपली तरी तुमच्याकडचा फॉर्म चालतच राहतो, मी तो बंद करत नाही. सुरुवातीला मी 'आयुष्यभराचं' लायसन्सही विकलं होतं. त्या मंडळींना दिलेला शब्द आजही पाळतो, पण ते विकणं चुकीचं होतं असं माझं ठाम मत आहे. आयुष्यभराचं काम एका वर्षाच्या पैशात होत नाही, आणि पैसे संपलेले प्लगइन हळूहळू बेवारस होतात.

बेवारस प्लगइनवर डोळा ठेवून असणारे लोकही असतात. २०१७ मध्ये 'डिस्प्ले विजेट्स' हे सुमारे २ लाख साइटवर असलेलं प्लगइन विकलं गेलं, आणि नव्या मालकाच्या अपडेटमधून त्या साइटवर स्पॅम मजकूर टाकायची चोरवाट गेली. वर्डप्रेसच्या डिरेक्टरीने, म्हणजे प्लगइनच्या अधिकृत संग्रहाने, ते पुन्हा पुन्हा काढलं. मलाही विकत घेण्याच्या मेल येतात. मी एकच विचारतो, तिकिटांना उत्तर कोण देणार? अजून एकाकडूनही त्याचं उत्तर आलेलं नाही.

यावर काही जण पुढचा प्रश्न विचारतात: उद्या तुम्ही नसलात तर? म्हणून गेल्या वर्षी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मित्राला डिरेक्टरीत कोड चढवायचा अधिकार दिला. चाचणी कशी करायची, व्हर्जनचा आकडा कुठे कुठे बदलायचा, काही बिघडलं तर मागे कसं यायचं, हे दोन पानांत लिहून त्याच्याकडे ठेवलं. मागचं व्हर्जन त्यानेच सोडलं. मी शेजारी बसून होतो, कीबोर्डला हात लावला नाही.