गोमूत्राने भाजलेली पानं

मार्च लागला की पुण्यातल्या गच्चीवरच्या बागांतून एकच तक्रार येते: पानं करपली. कोथरूडच्या एका काकूंनी तर फोनवरच निदान सांगितलं. "मिरचीवर करपा आलाय. बोर्डो मारू का?" मी पाहीपर्यंत काहीही मारू नका, असं सांगून लगेच निघालो. भाजलेल्या पानावर बोर्डोसारखं तांब्याचं बुरशीनाशक पडलं तर इजा वाढते.

मिरची, काकडी आणि जास्वंद अशा तीन वेगळ्या कुळांतली झाडं एकाच वेळी टोकाला आणि कडेला तपकिरी, कुरकुरीत झाली होती. करपा हा बुरशीचा रोग, तो असा सगळ्यांवर एकदम येत नाही. खात्री पटली ती काकडीच्या एका पानावरून. वरच्या पानाने त्याचा अर्धा भाग झाकला होता. झाकलेला भाग हिरवागार, उघडा भाग भाजलेला, आणि मधली रेघ अगदी स्पष्ट. बुरशी अशी रेघ पाळत नाही, फवारा पाळतो. फवारणीनंतर फुटलेले शेंडेही स्वच्छ होते.

"काकू, काय फवारलंत?"

"गोमूत्रच हो. नैसर्गिक आहे, त्याने कसं भाजेल?"

बाटलीचं बूच काढताच डोळ्यांना झोंबलं. साठवलेल्या गोमूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, आणि क्षार तर त्यात मुळातच भरपूर. एक लिटरच्या पंपात त्यांनी दोन वाट्या गोमूत्र, वर बोअरचं जड पाणी आणि धुण्याची पावडर घातली होती. फवारणी सकाळी अकराला, कुंड्या कोरड्या असताना. उन्हात थेंबातलं पाणी झपाट्याने उडतं, द्रावण घट्ट होत जातं आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. ओघळ पानाच्या टोकाशी साचतो, म्हणून टोक आधी जळतं. त्यात पावडरीने पानावरचा मेणाचा थर उतरतो.

पानं दोन्ही बाजूंनी साध्या पाण्याने धुतली, कुंड्यांना भरपूर पाणी दिलं. अर्धी हिरवी पानं तोडू दिली नाहीत, कारण ती अजून अन्न बनवतात. दोन आठवडे पानांवर कसलंही खत द्यायचं नाही, असं ठरलं.

पुढचं प्रमाण त्यांना लिहून दिलं. मिरची, टोमॅटोला लिटरभर पाण्यात ५० मिली गोमूत्र, कोवळ्या रोपांना ३० मिली. पाणी नळाचं किंवा पावसाचं. आदल्या संध्याकाळी कुंड्या भिजवायच्या. फवारणी सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. धुकं पडावं इतका बारीक फवारा, तोही पानांच्या खालच्या बाजूने जास्त, आणि ओघळ सुटायच्या आत हात थांबवायचा. नवं द्रावण आधी दोन-तीन पानांवर मारून ४८ तास थांबायचं. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. फर्न, बिगोनिया यांना पानांवरून खत देऊच नये, मुळांशी द्यावं.

निघताना काकूंनी जीवामृताचं, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेल्या द्रावणाचं विचारलं. चालेल, पण दुहेरी फडक्यातून गाळून लिटरला १०० मिली. गाळ राहिला तर नोझल तुंबतं, फवाऱ्याऐवजी मोठे थेंब पडतात आणि पानांवर ठिपके उठतात. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलीच्या वर नको, तेही संध्याकाळीच, आणि गंधक मारलेल्या झाडावर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ देऊन.