दसऱ्याआधी 407 चं इंजिन धुताना

खंडेनवमी जवळ आली की आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या एकाच दिवशी धुवायला निघतात. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक, आणि वॉशिंग सेंटरच्या बाहेर ही भलीमोठी लाईन. तिथला पोऱ्या बॉनेट उघडतो, गन आत घालून चारी बाजूंनी फवारा मारतो, वरून डिझेलचा नाहीतर चकचकीत करायच्या कुठल्यातरी लिक्विडचा हात फिरवतो आणि बॉनेट खाली. दिसायला एक नंबर. मग दुसऱ्या दिवशी हार घातलेली गाडी सेल्फच घेत नाही आणि सगळं घरदार नवीन कपड्यात धक्का मारतंय, हे दर दसऱ्याला कुठल्या ना कुठल्या गल्लीत बघायला मिळतंच.

आमची गाडी टाटा 407, अण्णांनी घेतलेली, जुनी. 407 पहिल्यांदा 1986 ला आली, तेव्हा बाजारात जपानी कंपन्यांच्या जोडीनं काढलेल्या छोट्या ट्रकांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत ही टिकली ते दणकट आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारी म्हणून. आत 497 इंजिन, म्हणजे 4 सिलिंडर आणि 97 एमएमचा बोअर, साधारण तीन लिटरचं. ना सेन्सर ना कॉम्प्युटर, सगळं लोखंड आणि पाईप. म्हणून खाली जे लिहितोय ते अशाच जुन्या गाड्यांसाठी आहे, बीएस 6 वाल्यांनी, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या सेन्सरवाल्या गाड्यांनी, हे वाचून बॉनेटखाली पाणी मारू नका बाबांनो, तुमच्या एका कनेक्टरमध्ये पाणी गेलं तरी गाडी लाईट लावून बसेल.

यावेळी धुवायचं कारण पूजा नव्हतं. गाडी उभी राहिली की खाली ऑइलचा डाग पडायला लागला होता, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात बरोबर त्याच्या खाली. मिस्त्रीनी खाली वाकून बघितलं, बोट लावलं आणि म्हणाले, "मागचं सील गेलंय दादा, गिअरबॉक्स उतरवायला लागंल." सील म्हणजे ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग. मी म्हटलं मिस्त्री, एवढा कीट बसलाय त्यात तुम्हाला सील दिसलं कुठं? ते हसले. म्हणजे दिसलं नव्हतंच. इंजिनवर काकवीसारखा चिकट काळा थर, त्यात धूळ, त्यात उसाचं पाचट, त्याच्यावर परत ऑइल, यातून लीक कुठून आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मागच्या बाजूनं दिसतंय म्हणून मागचं सील, असा सगळा अंदाजपंचे कारभार. इंजिन धुवायचं ते यासाठी. आणि दुसरं कारण आगीचं. डिझेल आणि ऑइलनं भिजलेला कचरा मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाईपाच्या, शेजारी साठला की त्याला एक ठिणगी बास होते, घाटात पेटलेले ट्रक सगळ्यांनीच बघितलेत.

तर पहिलं म्हणजे इंजिन गार पाहिजे. अगदी थंडगार नसलं तरी चालतं, कोमट असेल तर उलट कीट लवकर सुटतो, पण हात ठेवता आला पाहिजे. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो, आणि डिग्रीझर, म्हणजे कीट सोडवणारं लिक्विड, गरम पत्र्यावर वाळून बसतं ते वेगळंच. गाडी सपाटीला, हँडब्रेक, आणि तरीही चाकाला पुढून मागून दगड. किल्ली काढून खिशात, कारण आपण फॅनजवळ हात घातलेला असताना घरातलं लहान पोरगं केबिनमध्ये चढून किल्ली फिरवणारच नाही याची खात्री कुणी द्यावी. 407 ला नुसतं बॉनेट आहे म्हणून सोपं, पण ज्या मोठ्या गाड्यांची केबिनच पुढं पडते त्यांनी लॉक पक्कं बसल्याशिवाय केबिनखाली डोकं घालायचं नाही.

मग बॅटरी. निगेटिव्ह आधी काढायचा, लावताना शेवटी. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला लागला तर जो जाळ होतो तो एकदा बघितलेला माणूस जन्मात विसरत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधीच काढून ठेवा, बॅटरीच्या टर्मिनलवर अंगठी टेकली तर ती लाल होते, बोटासकट. आमच्या 407 ला एकच 12 व्होल्टची आहे, मोठ्या ट्रकला दोन जोडून 24 व्होल्ट असतात, तिथं जास्तच जपून.

झाकाझाकीत मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तोच खरा वेळ. दुधाच्या, तांदळाच्या जाड पिशव्या आणि जुन्या ट्यूबचे कापलेले रबर, एवढं सामान पुरतं. डायनामा, सेल्फ, फ्यूज बॉक्स, हॉर्न, ब्रेक आणि क्लच ऑइलच्या डब्या, ऑइल टाकायचं झाकण, गेजची पट्टी जिथून आत जाते ती जागा, इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर पडायची नळी. आणि एअर फिल्टरचं तोंड, हे सगळ्यात महत्त्वाचं. डिझेल इंजिनमध्ये हवा साधारण सतरा-अठरा पट दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि तुम्ही सेल्फ मारला की पिस्टन वर येऊन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हाफ इंजिनचं काम, म्हणजे अर्धं इंजिन खोलायचं, दसऱ्याच्या मुहूर्तावर. जुन्या गाड्यांना ऑइल बाथ फिल्टर असतो, म्हणजे वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ धरणारा, त्याच्या वाटीत पाणी गेलं तर तेही ऑइल बदलायला लागतं.

पिशव्या बांधायच्या आधी एकदा बॅटरी घेऊन सगळीकडं बघून घ्या, हातातली बॅटरी म्हणतोय. बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर एअर फिल्टरच्या मागं उंदराचं घरटं, वायरींच्या जुडग्यावर कुंभारमाशीची मातीची घरं, आणि शेताकडेला उभी असेल तर साप सुद्धा, इंजिनाच्या उबेला येऊन बसतात. उंदरानं वायरीचं कव्हर खाल्लेलं असेल तर तिथं आधी टेप, मग पाणी.

आता कीट. लोक इथंच चुकतात, थेट पाणी मारतात. पाण्यानं ऑइल निघत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातं. आधी कोरडं खरवडायचं. माझ्याकडं एक लाकडी पट्टी आहे टोक तासलेली आणि एक मोडकं एक्सा ब्लेड, ब्लेड फक्त जाड लोखंडावर, पट्टी पाईप आणि अॅल्युमिनियमच्या जवळ. ब्लॉकच्या बाजूला, इंजिनच्या पायांच्या खाली, सेल्फच्या वर जो थर असतो तो अक्षरशः वड्या पडून निघतो. खाली जुनी ताडपत्री टाकून त्यावर लाकडाचा भुसा पसरला की हे सगळं त्यात पडतं. नुसत्या खरवडण्यानंच अर्ध्याच्या वर काम होतं, खरं सांगतो.

उरलेल्याला काय लावायचं यावर प्रत्येक गॅरेजचं वेगळं मत. पेट्रोल अजिबात नाही, यात चर्चाच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत लांब जाते आणि लांबवरच्या चुलीनं नाहीतर बिडीनं पेट घेते. रॉकेल लोकांना सुरक्षित वाटतं पण त्याची वाफसुद्धा साधारण 35-40 अंशाला पेट घ्यायच्या लायकीची होते, आणि विदर्भात नाहीतर सोलापूरकडं मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी वर असतो, तेव्हा विचार करा. डिझेलनं कीट छान सुटतो, मान्य, पण ते रबरात मुरतं, फॅन बेल्ट, होस, इंजिनचे फाउंडेशन रबर हळूहळू फुगून मऊ पडतात, आणि मागं जो ओलसर थर राहतो त्यावर पहिल्याच ट्रिपला दुप्पट धूळ बसते. एक जण मला कॉस्टिक सोडा वापर म्हणाला. लोखंडाला ठीक आहे पण अॅल्युमिनियमला तो खातो, आणि खाताना हायड्रोजन सोडतो, तो परत पेटणारा. डायनामाची बॉडी, फिल्टरचं हेड, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, हे सगळं अॅल्युमिनियमचं असतं.

मी पाण्यात विरघळणारं डिग्रीझर वापरतो, स्पेअर पार्टच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं, आणि किरकोळ जागी भांड्याचा साबण कोमट पाण्यात. हातमोजे आणि चष्मा घालून ब्रशनं खालून वर लावायचं, म्हणजे न लावलेल्या जागेवर ओघळ येऊन डाग पडत नाहीत, दहा मिनिटं मुरू द्यायचं पण वाळू द्यायचं नाही, म्हणून सावलीत. परत घासायचं. नोजलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडांच्या, पाईपांच्या मधे जुना टूथब्रश, दुसरं काही जातच नाही. तारेचा ब्रश वायरिंगपासून लांब.

पाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. बागेचा साधा पाईप, अंगठा अर्धा लावून, बास. वॉशिंग सेंटरची गन 100 बारच्या आसपास मारते, ती सीलच्या ओठातून आत पाणी घालते, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढते आणि रेडिएटरची जाळी चपटी करते. रेडिएटरचं वेगळं सांगतो कारण उसाच्या हंगामात आमच्याकडं अर्ध्या गाड्या यामुळंच गरम होतात. पाचट, बगॅसचा भुगा, किडे, हे सगळं पुढून आत जाऊन अडकतं कारण फॅन हवा पुढून मागं ओढतो, मग पाणी उलट्या दिशेनं मारायचं, इंजिनच्या बाजूनं पुढं. पुढून मारलं तर कचरा अजून आत ठासला जातो. आणि वाकलेली जाळी आईस्क्रीमच्या काडीनं एकेक सरळ करता येते, कंटाळवाणं काम आहे पण रेडिओ लावून होतं.

घाण पाणी ओढ्यात, विहिरीजवळ जाता कामा नये. दसऱ्याला नदीत गाड्या घालून धुतात ते बघून माझं डोकं फिरतं, खाली बाया पाणी भरत असतात. भुशातला कीट आणि ऑइल मी डब्यात भरून, जिथं जुनं ऑइल विकतो त्याच माणसाला देतो, तो कुरकुरतो पण घेतो.

धुतल्यावर लगेच सेल्फ नाही. बॉनेट उघडं ठेवून उन्हात दोन-तीन तास, टायरवाल्याकडची हवा असेल तर लांबून कनेक्टर, फ्यूज आणि बेल्टच्या पुलीवर. मग पिशव्या काढा, आणि आतलं एखादं फडकं मॅनिफोल्डवर राहिलं नाही ना हे मोजून बघा, कारण ते गाडी तापल्यावर पेटतं. डिझेल फिल्टरच्या खालचा नट सैल करून पाणी आलंय का बघितलं तर बरं, मात्र नंतर हँड पंप मारायला विसरू नका, नाहीतर गाडी हवा धरते, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा अडकून सुरूच होत नाही, आणि मग तुम्ही धुण्याला शिव्या देत बसाल. पोरांना लांब ठेवा. सुरू झाली की बेल्ट थोडा किंचाळतो, सुकला की गप्प होतो.

आता लीक शोधायचा. स्वच्छ, कोरड्या इंजिनवर संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवायची, गाडी चालू ठेवायची, जिथं पावडर काळी पडेल तिथं खालून वर माग काढत जायचं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नोजलच्या पाईपाचा लीक हातानं चाचपायचा नाही. त्या पाईपात डिझेलचा दाब 200 बारच्या पुढं जातो, बारीक भोकातून निघालेली धार कातडीत सुईसारखी शिरते, दिसतं टाचणी टोचल्याएवढं आणि लगेच ऑपरेशन केलं नाही तर बोट जायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

आमच्या गाडीत पावडर काळी पडली ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात. तिथून ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून घरंगळत खाली गिअरबॉक्सच्या सांध्याशी जाऊन ठिपकत होतं, सीलचा काही संबंध नाही. एक कॉर्कचं पॅकिंग, बोल्टांखालचे वॉशर आणि कव्हर बसवताना बोल्ट मधून कडेला थोडे थोडे आवळणं, जास्त आवळलं की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि परत गळतं. शिवाय फीड पंपाच्या बँजो बोल्टला, म्हणजे ज्याच्या आतून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टला, तांब्याचा वॉशर चपटा झाला होता, तोही बदलला. मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, "मंग पॅकिंग टाकताना मलाच बोलवा." बोलावलं, चहाही पाजला.