ट्रायलला गेलो तो

गेल्या श्रावणात एक कॅफेवाला टेम्पोतून सायकल घेऊन आला. "काका, ही भिंतीवर टांगायचीय. सोनेरी रंग मारा आणि चाकं वेल्ड करून टाका, फिरायला नकोत." पुण्यात कसब्यात पस्तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. चाक फिरतं करा म्हणून लोक येतात. फिरू देऊ नका म्हणणारा हा पहिलाच.

गंज खरवडला तर रॅले निघाली, नॉटिंगहॅमची. पुढच्या दातेरी चक्रात बगळ्यांची डोकी कापलेली, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. २८ इंची चाकं, रॉडचे ब्रेक, हँडलला तीन गिअरचा खटका. फ्रेमला महापालिकेचा बिल्ला गंजून चिकटलेला. बिल्ला नसला की पूर्वी पोलीस सायकल अडवायचे, हे आताच्या पोरांना खोटं वाटतं. मागच्या हबवरचा, म्हणजे चाकाच्या मधल्या, गिअर पोटात असलेल्या डब्यावरचा मळ चिंधीने पुसला तेव्हा अक्षरं उमटली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, ५१. पहिलं कंपनीचं नाव, दुसरं तीन गिअरच्या मॉडेलचं, आणि तो आकडा हब बनल्याच्या सालाचा. १९५१.

वेल्डिंगचा विचार तिथेच मेला.

तीन दिवस हब डिझेलमध्ये ठेवला. पेडलचे दांडे धरणाऱ्या कॉटर-पिना हातोडीने ठोकल्या असत्या तर वाकल्या असत्या, म्हणून शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून काढल्या. हबमध्ये जुनं तेल डिंकासारखं वाळून कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे तुकडे, जागच्या जागी चिकटले होते. बाकी एक दातही झिजलेला नाही! मधल्या गिअरला चाक पुढच्या-मागच्या दात्यांच्या हिशेबाने सरळ फिरतं, पहिल्याला त्याहून पाव भाग कमी, तिसऱ्याला तिसरा हिस्सा जास्त. हे सगळं मुठीएवढ्या डब्यात. हबवरच्या झाकणीतून पातळ तेलाचे चार थेंब सोडायचे, एवढीच त्याची मागणी.

रविवारी सकाळी सहाला, रंगाआधी एक ट्रायल म्हणून निघालो. अलका चौकापर्यंत जाऊन परतायचं, असं स्वतःला सांगितलं होतं.

आजच्या गिअरच्या सायकलींवर आपण वाकून बसतो, नजर पुढच्या टायरवर. हिच्यावर पाठ ताठ, खुर्चीत बसल्यासारखी. नजर आपोआप वर जाते. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांच्या वर अजून लाकडी सज्जे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. फ्रेम लांब आणि कलती, पुढचा फोर्क चांगला बाक दिलेला, त्यामुळे खड्डा हातापर्यंत येईतो निम्मा विरतो. वजन वीसेक किलो. सुरुवातीला जड जाते, पण एकदा लय धरली की आपण नुसतं पाय लावायचे. घाई केली तरी ती ऐकत नाही. आणि मागून टिक, टिक, टिक.

लॉ कॉलेज रस्ता कधी संपला कळलंच नाही. सेनापती बापट रस्त्याच्या चढाला पाय क्षणभर थांबवून खटका पहिल्यावर टाकला आणि टिकटिक बंद. पहिल्या गिअरला ही सायकल गप्प बसते, आतल्या कुत्र्यांची एक जोडी तेव्हा सुटलेली असते. चढ मात्र उतरून ढकलावा लागला नाही, साठीला आलोय तरी. उताराला जीव मुठीत. रिम स्टीलची, वर पाऊस. रॉडचा ब्रेक धरतो, पण विचार करून धरतो. दोन खांब आधीच दाबायला लागलो.

परत आलो तर साडेनऊ. शटरपुढे कॅफेवाला उभा, चेहरा तांबडा. "माझी सायकल घेऊन कुठे होतात?"

"बसा हिच्यावर," म्हटलं.

वीस पावलांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मधे पाय एकदम मोकळा फिरला आणि तो पडता पडता वाचला. चूक माझीच, केबल ढिली राहिली होती. खटका मधल्यावर ठेवला, एक्सलमधून येणाऱ्या दांडीची कड एक्सलच्या टोकाशी आणली, नट आवळला. पुन्हा गेला. दगडूशेठला वळसा घालून येतो म्हणाला, आला तासाभराने.

"काका, ती टिकटिक कसली?"

"कुत्र्यांची."

सायकल शेवटी भिंतीवर गेलीच. पण रंग मूळचा काळाच, वेल्डिंग नाही आणि टांगायचे हुक काढता येतील असे. दोन-तीन महिन्यांनी मी तेलाची बाटली घेऊन जातो, कॉफी फुकट मिळते. चार थेंब सोडतो, मागच्या चाकाला हात मारतो. टिकटिक सुरू झाली की गल्ल्यावरून तो मान वर करतो.