काळी रेघ

आमच्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 साली जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांपैकी सातवी पोहून पार केली, तेव्हापासून डेक्कनच्या जलतरण तलावावर पालक मला विचारायचे, "सर, मुलांना समुद्रात कधी नेणार?" एका डिसेंबरात नेलंच. मालवणच्या चिवला बीचवर, सागरी जलतरण स्पर्धेला.

सहा मुलांत एक तेरा वर्षांची मुलगी होती. तलावात तिच्या वयाचं कुणी तिच्या जवळपास नाही. तळाची काळी रेघ धरून ती अशी सरळ जाते की बघत राहावं. आदल्या दिवशी सरावाला उतरलो. चिवल्याचा समुद्र तसा शांत, पण पौर्णिमेचं उधाण होतं आणि भरती चढत होती. पहिली लाट छातीवर आदळली, दुसरीनं पाय उचलले, तिसरीला तिनं नेमकं तोंड उघडलं. बाहेर आली ती थरथरतच.

"सर, खाली रेघ नाही. काहीच दिसत नाही."

जाळं साफ करत बसलेले एक काका उठून आले. "लाट आंगार घेव नको गो बाय, खालसून जा."

मग मीही तिच्यासोबत उतरलो. लाट फुटायच्या बेताला आली की बुडी, दोन्ही हात वाळूत रोवायचे, लाट डोक्यावरून जाऊ द्यायची, पायांनी रेटा देऊन वर. तिसऱ्या बुडीत मी डोळे उघडले. हिरव्या गढूळ पाण्यात तिच्या मुठी वाळूत घट्ट रुतलेल्या, वेणी आधी किनाऱ्याकडे ओढली गेली, मग उलटी समुद्राकडे. वर आल्यावर म्हणाली, "वर केवढा आवाज, आणि खाली कसं शांत!"

लाटांपलीकडे गेलो, किनाऱ्याला समांतर वळलो, आणि तिचा श्वास पुन्हा अडकला. लाटा उजवीकडून येत होत्या, ती श्वास घेत होती उजवीकडेच. दर श्वासाला खारं पाणी. डावीकडे तिला जमेचना, कारण मी कधी शिकवलंच नव्हतं. तलावात उजव्या बाजूनं वेळ चांगली येत होती, म्हणून तीन वर्षं मी तेच चालू दिलं. ही चूक सर्वस्वी माझी.

दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर तिनं पुरे केले. बऱ्याच मागून आली. मिठानं ओठ सुजलेले, नखांत वाळू. टॉवेल घ्यायच्या आधी म्हणाली, "सर, डावीकडचं शिकवा."

सोमवारी पहाटे साडेपाचला ती तलावावर हजर होती. उजवीकडचा श्वास महिनाभर बंद.