टेलोमरेजची शिडी तिसऱ्या जेलवर दिसली

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी ट्रॅप अ‍ॅसे केली, म्हणजे पेशीतलं टेलोमरेज (क्रोमोसोमची टोकं लांबवणारं एन्झाईम) चालू आहे की नाही ते बघायची टेस्ट, आणि ती पण नागपुरात मे महिन्यात, नवतपा लागलेला, लॅबचा एसी बंद.

मला आधी वाटायचं टेलोमरेज म्हणजे टर्ट नावाचं एक प्रोटीन, बस. क्रोमोसोमच्या टोकाला टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं, म्हणजे सहा बेस, जोडत जाणारं. पण टर्ट एकटं काहीच करू शकत नाही, त्याला टर्क हा आरएनए लागतो, त्याच्यावरच्या साच्यावरूनच ती अक्षरं जुळतात, आणि त्या आरएनएला सांभाळायला डिस्केरिन, एनएचपी२, एनओपी१०, गार१ अशी प्रोटीनं. हे वाचलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं.

ट्रॅपमध्ये टेलोमरेजने लांबवलेल्या तुकड्यांच्या पीसीआरने भरपूर प्रती काढतात आणि जेलवर लांबीप्रमाणे वेगळ्या करतात. पहिला जेल रिकामा. दुसरा पण रिकामा, फक्त खाली ३६ बेसची कंट्रोलची पट्टी, पीसीआर चालला हे दाखवणारी, एकदम ठळक. मी रडकुंडीला आले होते. सीनियर ताईंनी ती पट्टी दाखवली न् म्हणाल्या, "अगं पीसीआर तर झालाय, मग मेलं कोण ते शोध." मेला होता आरएनए. घामेजल्या हातांनी ट्यूब हाताळत होते, ग्लोव्ह्ज बदलतच नव्हते, आणि त्वचेवर आरएनए कापणारं एन्झाईम असतंच. वर तोच लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, तीनदा वितळवून परत गोठवलेला.

मग हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी) नव्याने घेतल्या, लायसेट छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवला, बर्फाची मशीन बंद म्हणून सकाळी बर्डीच्या बाजारातून बर्फ आणला आणि सगळं काम बर्फावर, दर पायरीला नवे ग्लोव्ह्ज.

तिसऱ्या जेलला लाईटखाली धरलं तर शिडी! ५०, ५६, ६२, ६८... प्रत्येक पायरी बरोब्बर सहा बेसची, म्हणजे एकेक टीटीएजीजीजी. बाजूच्याच लेनमध्ये तोच लायसेट ८५ डिग्रीला १० मिनिटं तापवून टेलोमरेज मारलेला, तिथे एक पण पायरी नाही. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले, पायऱ्या बोटाने मोजत.

ट्रॅपमध्ये एक गोष्ट दिसत नाही पण. पेशीत टेलोमरेजला टोकापर्यंत ओढून आणतं टीपीपी१, शेल्टरिन या क्रोमोसोमचं टोक जपणाऱ्या गटातल्या सहा प्रोटीनांपैकी एक, आणि ट्यूबमध्ये त्याची गरजच पडत नाही. म्हणून आता शेल्टरिनकडे वळलेय, सोमवारी त्यातल्याच टीआरएफ२ चा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटीबॉडीने प्रोटीन शोधायची टेस्ट, लावतेय, अँटीबॉडी आलीय.