तुम्ही विचारलेत म्हणून: डॉक्टरचे तिथे काय काम?

गेली अनेक वर्षे मी अमेरिकेत डॉक्टरकी करतो आणि सुट्टीला पुण्याला आलो की नातेवाईक, वर्गमित्र, एकदा तर माझे जुने प्राध्यापकही एकच प्रश्न विचारतात: "रुग्ण सोडून त्या संगणकवाल्यांच्या घोळक्यात आठवडा आठवडा बसून तुम्ही करता तरी काय?" या प्रश्नात कुतूहल असते आणि थोडासा आरोपही असतो, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

त्या घोळक्याचे नाव कनेक्टॅथॉन. रुग्णालयांच्या संगणकप्रणालींनी एकमेकींना माहिती कशी पाठवावी याचे एचएल-सेव्हन हे मानक 1987 पासून आकाराला येत होते. पण त्याचे नियम इतके सैल होते की दोन कंपन्या ते तंतोतंत पाळूनही एकमेकींची भाषा समजू शकत नसत. त्यावर उपाय म्हणून 1998 मध्ये अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि हिम्स ही आरोग्य-माहितीतंत्राची संस्था यांनी मिळून आयएचई हा उपक्रम सुरू केला. त्याच्या चाचण्यांमध्ये, म्हणजेच कनेक्टॅथॉनमध्ये, एरवी बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकाच सभागृहात लांबलचक टेबलांवर शेजारी शेजारी बसतात. एक जण काल्पनिक रुग्णाचा अहवाल पाठवतो, दुसरा तो उघडून दाखवतो आणि माझ्यासारखा तटस्थ स्वयंसेवक पडताळणी करतो. सर्वसाधारणपणे तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर चाचणी यशस्वी झाल्याखेरीज उत्तीर्णतेची मोहोर उमटत नाही. तिथे विक्री नसते आणि माहितीपत्रकेही नसतात, हे मला विशेष आवडते.

आता डॉक्टरचे काम. एका चाचणीत रुग्णाचा सारांश पोचला, रचना तपासणाऱ्या साधनाने हिरवा कंदील दाखवला आणि दोन्ही इंजिनिअर पुढच्या चाचणीकडे वळू लागले. मी म्हटले, "पडद्यावर काय दिसते ते दाखवा." मूळ प्रणालीत ॲलर्जीचा रकाना रिकामा होता, कारण तो कोणी भरलाच नव्हता, स्वीकारणाऱ्या पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत "कोणतीही ॲलर्जी नाही" असे उमटले होते. संदेश बिनचूक होता, अर्थ उलटा झाला होता. "विचारलेच नाही", "विचारले, पण रुग्णाला ठाऊक नाही" आणि "विचारले, ॲलर्जी नाही" ही तीन निरनिराळी विधाने आहेत. त्या दस्तऐवजाच्या मानकात तिन्ही वेगवेगळी नोंदवण्याची सोय आहे. फक्त ती वापरायला हवी, हे सांगणारे कोणी तरी शेजारी असावे लागते. संध्याकाळपर्यंत त्यांनी पडद्यावरचे वाक्य बदलले: "माहिती उपलब्ध नाही."

हा रकाना मला इतका झोंबण्याचे कारण वैयक्तिक आहे. उमेदवारीच्या काळात दुसऱ्या रुग्णालयातून फॅक्सने आलेल्या कागदांवर ती जागा कोरी पाहून मी एका वृद्ध बाईंना ॲम्पिसिलिन हे पेनिसिलिनच्या जातीचे औषध लिहून दिले आणि तासाभरात त्यांचे अंग लालबुंद झाले. त्या बऱ्या झाल्या. कोऱ्या जागेचा अर्थ "नाही" असा मी परस्पर लावला होता. ती चूक कागदाची नव्हती, माझी होती.

दुसरा माझा हट्ट नावांचा. दोन ठिकाणच्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का, हे ठरवताना प्रणाली नाव, जन्मतारीख, लिंग असे तपशील जुळवते. लग्नात तांदळात लिहून नवे नाव ठेवलेल्या, वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि आडनावही बदललेल्या आपल्याकडच्या बाईंच्या दोन नोंदींत लिंग सोडले तर काय उरते, जन्मतारीख. आणि जुन्या पिढीत तीही शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली! असे एक नमुना-कुटुंब मी चाचणीसाठी लिहून दिले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोकही बघायला आले.

हिम्सची वार्षिक परिषद ही मात्र वेगळी चीज. ती जत्रा आहे. प्रचंड प्रदर्शन, भाषणे, काल्पनिक रुग्णाचा एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सुरळीत होणारा प्रवास. तिथे मी ओळखीचे लोक भेटावेत म्हणून जातो. अडखळणे पाहायचे तर चाचणीच्या सभागृहातच बसायला हवे.

भारतात 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही आरोग्यनोंदी संगणकावर जोडण्याची सरकारी योजना सुरू झाल्यापासून प्रश्नाचा सूर थोडा बदलला आहे. या योजनेत माहितीची देवाणघेवाण फायर या एचएल-सेव्हनच्याच नव्या मानकावर होते आणि त्याचे भारतीय तपशील ठरवणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे, हे सांगितले की प्राध्यापकमंडळी जरा सरसावून बसतात.

मागच्या खेपेला मावशीला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. केसपेपरवर ॲलर्जीच्या पुढे नुसती आडवी रेघ होती. तिचा अर्थ काय, असे मी विचारले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी क्षणभर त्या रेघेकडे पाहिले आणि मग मावशीलाच विचारले.

"सल्फाची गोळी घेतली की माझ्या अंगावर गांधी उठतात," मावशी म्हणाली, "पण आजवर कोणी विचारलेच नाही."